स्वस्त आयात रिव्हॉल्वर म्हणजे एकाच माळेचे मणी नव्हेत

अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात स्वस्त आयात रिव्हॉल्वरचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, ‘भंगार आहे, हात लावू नका.’ दुसरं, ‘जुनं पोलाद आहे, त्याला काही होत नाही.’ पहिलं मत आळसातून आलेलं आहे, दुसरं सरळसरळ धोक्याचं. धातू वेगळा, काळ वेगळा, घडण वेगळी. मग एकच निकाल सगळ्यांना कसा लागू होईल?

सगळ्यात बदनाम गट जस्ताच्या फ्रेमचा. जर्मनीतल्या झोन्टहाइम गावच्या र्‍योम कंपनीची आरजी-१०, आरजी-१४ ही मॉडेलं त्यातली. जस्ताची मिश्रधातू साच्यात ओतून फ्रेम करायची आणि तिच्यात पोलादी नळी बसवायची, ही त्यांची रीत. काडतुसं भरायचा फिरता सिलिंडर बाहेर झुलत नाही. मधली पिन उपसून तो काढायचा आणि त्याच पिनेने रिकामी पुंगळी एकेक करून ढकलायची. .२२ सारख्या हलक्या काडतुसाला ही फ्रेम लगेच फुटत नाही. पण जस्त मऊ असतं. ज्या छिद्रांत हॅमर (काडतुसावर ठोका देणारा घोडा) आणि चापाच्या पिना फिरतात ती हळूहळू लांबट होतात, पिना डुलायला लागतात आणि सिलिंडर नळीसमोर नेमका थांबेनासा होतो. इथे दुरुस्ती परवडत नाही, कारण झिजलेला असतो तो सुटा भाग नसून फ्रेमच असते.

अमेरिकेच्या १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर आयात रिव्हॉल्वरला कमीत कमी ३ इंच नळी, ४.५ इंच फ्रेम, सुरक्षा चाचणी आणि शस्त्राच्या वैशिष्ट्यांना गुण देणाऱ्या पत्रिकेत किमान ४५ गुण अशा अटी आल्या. अट आयातीला होती, देशी उत्पादनाला नव्हती. त्यामुळे आरजीचे सुटे भाग जर्मनीहून मायामीत येऊन तिथे जोडले जाऊ लागले. ३० मार्च १९८१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तो आरजी-१४नेच. १९८५मध्ये मेरीलँडच्या न्यायालयाने अशा शस्त्रांच्या उत्पादकांवर दायित्व टाकणारा निकाल दिला आणि पुढच्याच वर्षी मायामीचा कारखाना बंद पडला. ‘आयात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नगावर मायामीचा छाप दिसला तर तो बनावट समजू नका, त्यामागे हे कारण आहे.

जर्मनीतल्याच वाइराउख कंपनीच्या आर्मिनियस रिव्हॉल्वरना लोक आरजीच्याच रांगेत बसवतात. हे मला अजिबात पटत नाही. चाप जड असतो, फिनिश साधं असतं, पण आतल्या भागांची घडण बरीच प्रामाणिक आहे. वाइराउखच्या एअर रायफली ज्यांना माहीत आहेत त्यांना याचं नवल वाटू नये.

आता एइबारकडे येऊ. स्पेनच्या बास्क प्रांतातलं हे गाव म्हणजे लहान-मोठ्या बंदूक कारखान्यांची पेठ. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने इथून ८ मिमी लेबेलची रिव्हॉल्वर घेतली, ब्रिटनने .४५५ची. ही सैन्याने तपासून घेतलेली होती, म्हणून त्यातली बरीच चांगली निघतात. अमेरिकेत आलेल्या .३८ आणि .३२-२०च्या नकला मात्र लॉटरी आहेत. बाहेरून हुबेहूब स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं रिव्हॉल्वर. नळीवरही तेच नाव ठळक आणि ‘या काडतुसासाठी’ हे शब्द बारीक. साइड प्लेट (फ्रेमच्या बाजूचं झाकण) उघडली की आत बऱ्याचदा कोल्टच्या धर्तीची व्ही आकाराची पट्टी-स्प्रिंग सापडते. म्हणजे स्मिथचा सुटा भाग त्यात बसणार नाही. दुसऱ्या एइबारचाही बसेलच असं नाही, कारण प्रत्येक भाग कानस मारून त्या एका नगापुरता बेतलेला असतो. कडकपणा दिलेला असतो तोही वरच्या पातळ थरालाच. तो थर घासून गेला की खालचं मऊ लोखंड लोण्यासारखं झिजतं. ‘चाप जरा हलका करून देतो’ म्हणत कोणी तिथे दगड घासला असेल तर ते रिव्हॉल्वर संपलं असंच समजा.

पण एइबारचा खरा धोका चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकात, आहे. अनेक नगांमध्ये चेंबर आरपार सरळ कोरलेलं असतं, पुंगळी जिथे संपते तिथे लांब काडतुसाला अडवणारी पायरीच नसते. मग .३८ स्पेशलच्या चेंबरमध्ये .३५७ मॅग्नम आरामात आत जातं. स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), मॅग्नमचा ३५,०००. दुसरा घोळ .३८ स्मिथ अँड वेसन या आखूड काडतुसाचा. त्याच्या पुंगळीचा व्यास ९.८ मिमी, स्पेशलचा ९.६. त्या चेंबरमध्ये पायरी नसेल तर लांब स्पेशलही शिरतं, पण सैल बसतं आणि पुंगळी फुगते किंवा चिरते. काडतूस आत गेलं म्हणजे ते या शस्त्राचंच आहे, हा समज डोक्यातून काढून टाका. गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) चेंबरचं माप काढून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

विकत घेण्याआधीची तपासणी सिलिंडर रिकामा असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने पाहून सुरू करा. फ्रेमला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर जस्त किंवा ॲल्युमिनियम आहे. सिलिंडरला बोटाचा हलका रोध देत हॅमर सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडरला थांबवणारा खालचा खटका त्याच्या खाचेत बसायला हवा. हे सगळ्या चेंबरसाठी स्वतंत्रपणे करा. कानशीने बेतलेल्या नगात चार चेंबर बरोबर आणि दोन उशिराने, असं सर्रास आढळतं. उशीर झाला की गोळीची कड नळीच्या तोंडावर तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. फ्रेमच्या आतल्या अंगाला शिशाचे डाग दिसले तर कारण हेच. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१ ते ०.२ मिमी ठीक, ०.३च्या वर गेली तर सोडून द्या. शेवटी ताणलेला हॅमर मागून अंगठ्याने पुढे दाबा. निसटून पडला तर तो नग झाडण्यालायक नाही.

जुन्या स्वस्त नगांत बहुधा हॅमर ब्लॉक, म्हणजे चाप ओढल्याशिवाय हॅमरला काडतुसापर्यंत पोचू न देणारा अडसर, नसतो. शस्त्र खाली पडून हॅमरवर आदळलं तर गोळी सुटू शकते. म्हणून हॅमरखालचं चेंबर रिकामंच ठेवायचं.

रशियन सैन्याचा नागान १८९५ रिव्हॉल्वर स्वस्त होता तो सैन्याच्या जुन्या मोठ्या साठ्यामुळे, घडणीमुळे नव्हे. त्याचा चाप जड लागतो कारण तीच ओढ सिलिंडरला पुढे सरकवून नळीला भिडवते. तो दोष समजून स्प्रिंग कापू नका, काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर ठोका कमी पडून काडतूस फुसकं जाईल.

रोज वापरण्यासारखं काही हवं असेल तर माझं मत ब्राझीलच्या रोसीला. इंटरआर्म्स या आयातदार कंपनीने आणलेलं पाच गोळ्यांचं मॉडेल ६८ पोलादी फ्रेमचं आहे, चेंबर .३८ स्पेशलचंच आहे. चाप खरखरीत असतो, आत कारखान्यातल्याच धातूच्या कडा राहिलेल्या असतात. नीट साफसफाई आणि तेलपाणी केलं की बराच फरक पडतो. जुन्या नगात +पी (जादा दाबाचं) काडतूस मात्र घालू नका.