एका दावणीला तीन मोटारी

विजेच्या तीन मोटारींना वेग कमीजास्त करणारे तीन ड्राइव्ह (व्हीएफडी) कशाला, एकातच भागवू, असं ज्याला वाटतं तो माणूस वाईट नसतो. काटकसरी असतो. मीही त्याच पंथातला. तिन्ही मोटारींच्या केबली आणून एकाच व्हीएफडीच्या यू, व्ही, डब्ल्यू या आउटपुट टर्मिनलांवर जोडायच्या, बटण दाबायचं, आणि तिन्ही एकदम फिरायला लागल्या की आपण किती शहाणे म्हणून पॅनेलचं दार लावायचं. दार पुन्हा उघडावं लागतं. फक्त कधी, एवढाच प्रश्न.

पहिली खोड हिशोबाची. मोटारी दोन-दोन हॉर्सपॉवरच्या, तीन दुणे सहा, म्हणून सहा हॉर्सपॉवरचा ड्राइव्ह, हे गणित शाळेत ठीक. इथे बेरीज अँपिअरची करायची, तीही नेमप्लेट वाचून. प्रत्येकी ३.४ अँपिअर असेल तर झाले १०.२, वर दहा-पंधरा टक्के हात सैल सोडायचा, म्हणजे १२ अँपिअरचा ड्राइव्ह. मग सेटिंगमध्ये कंट्रोल मोड साधा व्ही/एफ (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरल्या प्रमाणात देणारा) ठेवायचा. व्हेक्टर मोड कितीही भारी वाटला तरी त्याला हात लावायचा नाही. तो एका मोटारीची नाडी बघून औषध देणारा वैद्य आहे; तिघींचे हात एकत्र बांधून पुढे केले तर कोणाला काय देईल सांगता येत नाही. ऑटोट्यून (ड्राइव्हने स्वतःच मोटारीची मापं घेणं) करायचं नाही, स्लिप कॉम्पेन्सेशनही (भाराने घटलेला वेग भरून काढणं) बंद. बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी) किंवा पर्मनंट मॅग्नेटवाल्या मोटारी असतील तर हा लेख इथेच मिटवा. त्यांना रोटर (आतला फिरणारा भाग) कुठे आहे ते पाहून करंट द्यावा लागतो, आणि तीन रोटर एका वेळी एकाच जागी नसतात. तिथे ज्याचा त्याचा कंट्रोलर.

आता मुख्य दुखणं. ड्राइव्हला फक्त बेरीज दिसते. समजा दोन मोटारी निवांत २.४-२.४ अँपिअर घेत आहेत आणि तिसरीचं बेअरिंग धरलंय, ती बिचारी ५ अँपिअर ओढतेय. बेरीज ९.८. ड्राइव्हमध्ये भरलेली मर्यादा १०.२. ड्राइव्हच्या लेखी घरात सगळं आलबेल! डिस्प्लेवर हिरवा दिवा आणि खाली वायंडिंगच्या वार्निशचा वास, हे दृश्य एकाच वेळी बघायला मिळतं. एका मोटारीचा एक फेज सुटला तरी तीच गत. म्हणून प्रत्येक मोटारीला स्वतंत्र थर्मल ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंटने तापून ‘पडणारा’ (ट्रिप होणारा) रखवालदार. त्याची डायल त्या त्या मोटारीच्या ३.४ वर, आणि तिन्ही रिलेंचे ९५-९६ हे एनसी (एरवी जुळलेले, रिले पडला की सुटणारे) काँटॅक्ट सीरिजमध्ये घेऊन ड्राइव्हच्या एक्स्टर्नल फॉल्टच्या (बाहेरच्या बिघाडाच्या) इनपुटला. एकीचा रिले पडला की तिन्ही थांबतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे निदान ओलं नुसतं उभं राहतं.

रिले आले म्हणजे वाचवलेल्या पैशांपैकी काही गेलेच. बरं, हा रिलेही भोळा. केबल लांब आणि मोटार लहान असली की केबलच्या कपॅसिटन्समधून जाणारा करंट तो मोटारीच्याच खात्यावर टाकतो आणि मोटार थंडगार असताना पडतो. आपण मोटारीला हात लावतो, रिलेला शिव्या देतो, आणि डायल गुपचूप वर फिरवतो. ते करू नये. कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्हच्या आतल्या स्विचिंगचा वेग) २ ते ४ किलोहर्ट्झवर उतरवावी आणि ड्राइव्हच्या तोंडाशी आउटपुट चोक, म्हणजे कॉइल, बसवावा. कॅरिअर उतरवली की मोटारी चिरक्या आवाजात गायला लागतात. तीन असतील तर भजनी मंडळ. केबलची लांबीही बेरजेनेच धरायची: तीन मोटारी ३०-३० मीटरवर म्हणजे मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ९० मीटर ताडून बघायचे.

उलट बाजूने हा रिले आंधळा. १५ हर्ट्झवर मोटार रांगत असते, तिच्याच शाफ्टवरचा पंखाही रांगतो, करंट ठरल्याएवढाच, पण आतून भट्टी. बराच वेळ हळू चालवायचं असेल तर वायंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) असलेल्या मोटारी घ्या.

मग कोणाला तरी सुचतं, प्रत्येक मोटारीला काँटॅक्टर (विजेने चालणारा स्विच) टाकू, हवी ती बंद, हवी ती चालू. ड्राइव्ह थांबलेला असताना करा, माझी हरकत नाही. पण दोन मोटारी पूर्ण वेगात असताना तिसरी जोडली, की ती थेट लाइनवर टाकल्यासारखी सहा-सात पट करंट मागते. म्हणजे २० अँपिअरच्या वर, शिवाय आधीच्या दोघींचे ६.८. बारा अँपिअरचा ड्राइव्ह दीडपट ओझं मिनिटभर सोसतो, त्यापुढे ओव्हरकरंट दाखवून अंग टाकतो. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. ड्राइव्ह पडल्यावर सापडतं.

तिन्ही अगदी एका वेगाने फिरतील या भ्रमातही राहू नये. ५० हर्ट्झला चार पोलची मोटार रिकामी असेल तर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या अगदी जवळ, भरलेली असेल तर १४४० वर. पंख्यांना फरक पडत नाही. पण दोन मोटारी एकाच शाफ्टला जुंपल्या आणि एकीच्या प्लेटवर १४४०, दुसरीच्या १४६० असेल, तर १४६० वाली पूर्ण भार उचलत असते तेव्हा १४४० वाली दोन-तृतीयांशावर मजेत असते. अशा ठिकाणी जुळ्या बहिणीच घ्याव्यात.

आणि तो सीरिजमधला फॉल्ट येतो तेव्हा डिस्प्लेवर नुसतं ‘एक्स्टर्नल फॉल्ट’ येतं. कोणामुळे, ते ड्राइव्ह सांगत नाही. म्हणून रिलेंचे ९७-९८ (रिले पडला की जुळणारे काँटॅक्ट) रिकामे न ठेवता त्यांवर तीन दिवे लावा, खाली १, २, ३ असे आकडे टाका, आणि तेच आकडे मोटारींवरही रंगवा. नाहीतर दोन नंबरचा दिवा लागतो ते कळतं, आणि मोटारींचे नंबर डावीकडून की उजवीकडून मोजायचे, यावर पॅनेलपुढे सभा भरते.