सुई दिसते, पण टोक दिसतं का?

“फुप्फुसात हवा, सोनोग्राफीत दिसणार काय? बायोप्सी सीटीवरच करा. शिकवायचंच असेल तर सोनोग्राफी येणाऱ्याला एक दिवस पुष्कळ, सुई पडद्यावर दिसतेच.” फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी सुईने काढणं, म्हणजे बायोप्सी, सोनोग्राफी बघत करावी का, यावर डॉक्टरांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाचा हा सारांश.

हवेचा मुद्दा अर्धा खरा आहे. हवेवरून ध्वनिलहरी परततात, म्हणून निरोगी फुप्फुसाचा आतला भाग दिसत नाही. पण गाठ फुप्फुसावरणाला टेकलेली असेल तर वाटेत हवाच नसते आणि गाठ काळसर, स्वच्छ दिसते. मध्ये हवेचा पातळ थर असला, तरी सोनोग्राफीचा नाद सोडायचा, तिथं सीटीच. आधीच्या सीटीवरून ही निवड करणं हाच प्रशिक्षणाचा पहिला धडा.

“सुई दिसतेच” हे मात्र धोकादायक आहे. दिसते ती बहुतेक वेळा दांडी. प्रोबची (छातीवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्याची) लहर जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. सुई थोडी तिरकी गेली की ती लहर सुईला मध्येच छेदते. पडद्यावर टोक वाटतं तो मधला भाग असतो, खरं टोक लहरीबाहेर पुढे गेलेलं. त्यात कोअर सुई (तुकडा कापून घेणारी स्प्रिंगची सुई) घोडा दाबल्यावर आणखी 10 ते 20 मिमी पुढे झेपावते. 15 मिमीच्या गाठीत 20 मिमीची झेप लावली तर सुई पलीकडच्या हवेच्या फुप्फुसात गेलीच म्हणून समजा. म्हणून झेप आधी मोजायची. टोक हरवलं की सुई जागीच थांबवून फक्त प्रोब हलवायचा. दोन्ही हात एकदम हलवण्याची खोड मोडायलाच सरावासाठी जिलेटिनचा ठोकळा लागतो, आणि ती एका दिवसात मोडत नाही. शिवाय ठोकळा श्वास घेत नाही. त्यामुळे पुढची पायरी देखरेखीखाली फुप्फुसाभोवतीचं पाणी काढण्याची, मग मोठ्या गाठी, लहान गाठी शेवटी.

सोनोग्राफी येणाऱ्यालाही वाट नव्याने शिकावी लागते. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालायची, कारण नस आणि धमनी वरच्या बरगडीच्या खालच्या कडेआड असतात. मणक्याजवळ मात्र धमनी बरगड्यांमधल्या फटीत उघडी पडते, तिथं कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) फुप्फुसावरणापर्यंत पोचलं नाही तर रुग्ण दचकून श्वास ओढतो, नेमका सुई आत असताना. 1 टक्का द्रावणात मिलिलिटरला 10 मिग्रॅ. किलोला 3 मिग्रॅ धरलं तर 60 किलोच्या रुग्णाला 18 मिली ही मर्यादा.

नमुना गाठीच्या कडेच्या जिवंत भागातून घ्या, मधला भाग सडलेला असू शकतो. क्षयाच्या कल्चरसाठीचा (जंतू वाढवून बघण्याचा) तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला तर जंतू मरतात, तो सलाइनमध्येच.

बायोप्सीनंतर फुप्फुस सरकताना दिसलं तर प्रोबखाली न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) नाही. पण चिकटलेलं फुप्फुस आधीपासूनच सरकत नसतं. तेव्हा सुई घालण्यापूर्वीची हालचाल नोंदवलेली नसेल, तर नंतर ‘सरकत नाही’ या निरीक्षणावरून काहीच ठरत नाही.