फुकट मराठी ई-पुस्तकं: कुठे शोधायची आणि फाइल उतरवण्याआधी काय तपासायचं

‘पीडीएफ आहे का?’ वाचकांच्या कुठल्याही ग्रुपवर हा प्रश्न पडला की थोड्याच वेळात कुणीतरी टेलिग्रामची लिंक टाकतं. पुस्तक बहुतेक वेळा हयात लेखकाचं. फाइल म्हणजे मोबाइलवर काढलेले तिरके फोटो, कोपऱ्यात अंगठा, आणि पान ११२ नंतर थेट ११५. चोरीचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवा, निव्वळ वाचक म्हणूनसुद्धा हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. रीतसर फुकट मिळणारी मराठी पुस्तकं जन्मभर पुरतील इतकी आहेत. ती शोधायची कशी आणि त्यातली वाचण्याजोगी प्रत ओळखायची कशी, एवढंच कळायला हवं.

आधी हिशेब कायद्याचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतात आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यांचं २०२४ पासून. सावरकरांचं १ जानेवारी २०२७ ला होईल. खांडेकर १९७६ साली गेले, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्यांच्या ज्या पीडीएफ फिरतात त्या २०३६ संपेपर्यंत बेकायदाच.

यात एक मेख आहे. एकाच पुस्तकात दोन मालक असू शकतात. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली छापली गेली. मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती २०१३ पासून मोकळी. पण त्या पुस्तकाची प्रस्तावना अत्र्यांची, आणि अत्रे गेले १९६९ साली. ती २०३० उजाडल्याशिवाय मोकळी नाही. भाषांतरांचंही तेच. मूळ लेखकाला जाऊन दोनशे वर्षं झाली तरी मराठी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो.

आता ठिकाणं. पहिला मान माझ्या मते मराठी विकिस्रोतचा, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडाचा. पुस्तकं थोडी, पण मजकूर टंकलेला आणि स्कॅनशी ताडून पाहिलेला. प्रत्येक पानाला रंग असतो: लाल म्हणजे तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकदा तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या माणसानेही पाहिलेलं. पुस्तकाच्या पानावरच्या डाउनलोडच्या बटणातून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, मिळतं. अक्षर हवं तेवढं मोठं करा, मोबाइलवरही सुखाने वाचता येतं.

संख्येचा राजा मात्र इंटरनेट आर्काइव्ह (archive.org). ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली मराठी पुस्तकं तिथे ढिगाने आहेत, पण नोंदी भयानक. देवनागरीत शोधलंत तर अर्धीअधिक निसटतील. नावं रोमन लिपीत आणि तीही विचित्र पद्धतीने घातलेली: ‘आ’साठी ए दोनदा, ‘ई’साठी आय दोनदा, मधेच एखादा अपॉस्ट्रॉफी. म्हणून नाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहा, आडनाव एकटं टाकून पाहा आणि बाजूच्या गाळणीत भाषा मराठी निवडा. फाइल उतरवण्याआधी तिथल्याच वाचनखिडकीत शेवटचं पान आणि मधली चार पानं उघडा. पानं गायब असणं, उलटी असणं, दोन खंड एकाच नावाखाली असणं, सगळं सापडतं. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असतील तर छोट्या फाइलच्या मोहात पडू नका. फार दाबलेल्या प्रतीत अनुस्वार आणि रफार पुसट होतात. आणि तिथलं ईपब मराठीसाठी शक्यतो घेऊच नका. ते यंत्राने आपोआप केलेलं असतं, जुन्या अपलोडमध्ये तर नुसता अक्षरांचा चिवडा.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची पुस्तकं फुकट आहेत. चरित्रं, कोश, इतिहास, विज्ञान, शेती. बाजारात न मिळणारी कितीतरी इथे सापडतात आणि याची चर्चा मात्र कुणी करत नाही. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर: पातळी निवडा, भाषा मराठी ठेवा, खुल्या परवान्याची सचित्र पुस्तकं उतरवा. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरही विज्ञान-शिक्षणाची मराठी पुस्तकं भरपूर. ई साहित्य प्रतिष्ठानवर लेखक स्वतःहून पुस्तकं फुकट देतात. तिथे दर्जा खालीवर आहे, पहिली दहा पानं वाचून ठरवा.

फाइल हातात आली की तिची जात ओळखा. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र आहे. रोमन अक्षरांचा कचरा उमटला तर श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट. मराठी उमटलं तर युनिकोड, म्हणजे कुठेही चालणारी आजची अक्षरं, पण तरी वेलांट्या जागेवर आहेत का बघा, पीडीएफमधून येताना त्या बऱ्याचदा घसरतात. पहिल्या दोन जातींचं कॅलिबरमध्ये (ई-पुस्तकांचा साचा बदलणारं सॉफ्टवेअर) ईपब करायला जाऊ नका, हाती काही लागत नाही.

सहा इंची किंडलवर स्कॅन वाचवत नाही ही तक्रार खरी, पण त्याचं कारण साधं माप आहे. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच, स्क्रीन साधारण ३.६ बाय ४.८. अख्खं पान दाखवलं की अक्षर छापील आकाराच्या जेमतेम निम्म्यावर येतं. उपाय असा: आधी संगणकावर समास कापा, म्हणजे मजकुराची रुंदी चारेक इंच उरते. मग स्क्रीन आडवी करा. आता चार इंचांचा मजकूर ४.८ इंचांत बसतो, अक्षर छापीलपेक्षा मोठं दिसतं. एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागेल इतकंच. ओळी तोडून नव्याने मांडणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जुन्या दाट छपाईत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि ओळ भलतीकडे तुटते.

किंडलवर फाइल ईमेलने पाठवताना मर्यादा ५० एमबीची. स्कॅन सहज त्यापुढे जातं. तेव्हा ‘सेंड टू किंडल’चं वेबपान वापरा, तिथे २०० एमबीपर्यंत चालतं. ईपब थेट जातं, मोबी ही जुन्या प्रकारची फाइल आता पाठवता येत नाही.

स्कॅनमधून मजकूर काढायचा असेल तर पीडीएफचे छोटे तुकडे करून गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी बऱ्यापैकी ओळखतं. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल हाताने दुरुस्त करावी लागते. ‘केलें’, ‘नाहीं’वरचे अनुस्वार मात्र चुका समजून पुसू नका. ते १९६२ च्या नियमांआधीचं शुद्धलेखन आहे. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे, दोन्ही कोश फुकट शोधता येतात.

पैसे खर्च करायचे ते हयात लेखकांवर, आणि तेही नमुना पाहून. किंडल असो की गूगल प्ले, आधी फुकट नमुना उतरवा आणि अक्षर मोठं करून बघा. मोठं झालं नाही तर आत पानांची चित्रं भरलेली आहेत. तसलं पुस्तक निम्म्या किमतीतही घेऊ नये, त्यापेक्षा छापील बरं. बुकगंगावर मराठी ई-पुस्तकांची निवड मोठी, पण ती त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाचायची. किंडलवर नेता येत नाहीत, हे पैसे भरण्याआधी लक्षात असू द्या.