न आलेल्या टॅक्सीचा पंचनामा

आमच्या विदर्भात भरपाई म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर आधी पराटी, म्हणजे कापसाचं झाड येते, मग बोंडअळी, मग तलाठी आणि सगळ्यात शेवटी बँकेचा मेसेज, ज्यातला आकडा पाहून आपण आधी चष्मा पुसतो. पीकविम्याचा क्लेम, अतिवृष्टीचा क्लेम, रानडुकरांनी तूर लोळवली त्याचा वनविभागाकडे क्लेम, मी सगळे करून बसलेलो आहे. घरचे तर म्हणतात की ह्यांना वावरापेक्षा क्लेमचंच पीक बरं येते. तरी पण टॅक्सी आली नाही म्हणून भरपाई मागायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं राजेहो.

झालं काय, साळ्याच्या पोरीचा साखरपुडा पुण्याला. डिसेंबर महिना, कापूस फुटून पडलेला, वेचायला बाया मिळत नाहीत, पण बायकोच्या भावाकडचं कार्य असलं की कापूस हे कारण धरत नाहीत. रेल्वे बडनेऱ्याहून पहाटे पावणेसहाला. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रोडपासून आत. गावाचं नाव सांगून फायदा नाही, त्या नावाची गावं जिल्ह्यातच दोनतीन आहेत, आणि सगळं रामायण तिथंच आहे, पण ते पुढे येईल. मुक्कामी एसटी कधीची बंद. आधी निदान दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे तरी होती, यवतमाळ ते मुर्तिजापूर ११३ किलोमीटर, बैलगाडीच्या चालीनं जायची, पण तिनं कधी हिरवी टिक दाखवून कोणाला फसवलं नाही.

ही हिरवी टिक पुतण्याची. तो पुण्यात शिकतो. एरवी असं काही असलं की गावातल्या काळीपिवळीवाल्याला पानठेल्यावर सांगितलं की झालं, पण पुतण्या म्हणे, "काका, काळीपिवळीत बसाल तर काकूची कंबर बडनेऱ्यालाच उतरून जाईन. मी ऑनलाइन बुक करून देतो, एसी गाडी, तुम्ही फक्त बसा." भाडं ४२०० रुपये, त्यातले ११०० ॲडव्हान्स. पैसे गेले, टिक आली, आणि ती त्यानं मला अशी दाखवली की जशी काही टॅक्सी अंगणात उभीच आहे आणि आता फक्त तिला ढेप टाकायची राहिली. काळीपिवळीवाला बाजूलाच उभा होता. बोलला काहीच नाही, नुसता तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिला. तो आवाज मला तेव्हाच समजायला पाहिजे होता.

रात्री दोन वाजता आम्ही दोघं मारुतीच्या पारावर जाऊन बसलो. थंडी अशी की दात आपोआप बोलत होते. हिच्या मांडीवर भावासाठी केलेल्या कोथिंबिरीच्या सांभारवडीचा डबा, माझ्या हातात मोबाईल, आणि आमच्याभोवती गावातली पाच कुत्री, ज्यांना डब्यात काय आहे ते आमच्या आधी समजलं होतं. अडीचला मेसेज आला, चालक ७ मिनिटांत पोचत आहे. मी उठून ब्यागा हातात घेतल्या. मग ब्यागा खाली ठेवल्या. मग मेसेज आला की आपला चालक पोचला आहे. मी चारही बाजूला पाहिलं, हिनंही पाहिलं, कुत्र्यांनीही पाहिलं. मोबाईलच्या नकाशात एक छोटीशी गाडी शांत उभी होती, आणि पारासमोर फक्त आमच्या काळीपिवळीची पाठ. चालकाला फोन लावला तर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पाऊण तासानं शेवटचा मेसेज, आपण ठरलेल्या ठिकाणी आढळला नाहीत, सबब ट्रिप समाप्त.

आम्ही आढळलो नाही! जन्म गेला ह्या गावात, सातबारावर नाव आहे, मतदार यादीत आहे, आणि आम्ही आढळलो नाही.

"मी म्हणतच होती," ही म्हणाली. काय म्हणत होती ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

काळीपिवळीवाल्याचं दार वाजवलं. तो कांबळ पांघरून बाहेर आला, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "भाऊ, मले मालूमच होतं," म्हणे, "पण माह्या गाडीच्या इंजिनचं हेड खोलून ठेवलंय कालपासून." शेवटी वांग्याचा पिकअप अमरावतीच्या मार्केटला चालला होता त्यात बसलो. ही समोर ड्रायव्हरजवळ, मी मागं क्रेटमध्ये. बडनेऱ्याला पोचलो तेव्हा सव्वासहा झाले होते, रेल्वे वेळेवर येऊन वेळेवर गेली होती, जी एरवी आम्ही वेळेवर असलो की कधी येत नाही. चार्ट लागला की कन्फर्म तिकिटाचे पैसेही परत येत नाहीत. दिवसभर अमरावतीला बसून संध्याकाळची ट्रॅव्हल्स, दुसऱ्या दिवशी पुणे, तेव्हा मांडववाला खुर्च्या मोजून नेत होता. साळा म्हणाला, "ताई, बस, जेवण गरम करून देतो." त्या गरम करून देतो वर ही अजून गप्प आहे.

परत आल्या आल्या मी तक्रार टाकली. पीकविम्यात नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागायचं ना, ते अंगात इतकं मुरलं आहे की मी तास मोजूनच बसलो होतो, ६८ व्या तासाला बटन दाबलं. तिकडून लगेच उत्तर आलं, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मला बरं वाटलं, विमा कंपनीनं इतकं कधी म्हटलं नाही. मग समजलं की हे मशीन आहे आणि ते सगळ्यांनाच दिलगीर असते. पुढे फॉर्म आला. नाव, नंबर, बुकिंग क्रमांक, आणि लाल चांदणीसहित एक रकाना: घटनेचा फोटो अपलोड करा. त्याच्याशिवाय फॉर्म पुढेच जाईना.

आता सांगा, न आलेल्या टॅक्सीचा फोटो कसा काढता? गारपीट झाली तर गारा दाखवता येतात, झोपलेला गहू दाखवता येते. पुतण्याला फोन केला तर तो म्हणे रिकाम्या जागेचाच काढा. गेलो पारावर, काढला, टाकला. तिसऱ्या दिवशी उत्तर: आपण पाठविलेल्या छायाचित्रात वाहन उपस्थित दिसत आहे, सबब सेवा पुरविण्यात आलेली आहे. काळीपिवळीची पाठ आली होती फोटोत. हेड खोललेली, चार विटांवर उभी, ती गाडी कंपनीनं माझ्या नावावर चढवली.

ही गोष्ट पानठेल्यावर गेली आणि तिथून रिटायर तलाठी मामाकडे. मामा घरी बसून कंटाळले आहेत, सही-शिक्क्याचं काम निघालं की त्यांच्या अंगात उत्साह येते. पहिलाच प्रश्न, "नुकसान किती टक्के? ३३ च्या वर पाहिजे, नाहीतर निकषात बसत नाही." मी म्हटलं मामा, टॅक्सी अर्धवट नाही आली, पूर्णच नाही आली. "मंग शंभर टक्के लिव," ते म्हणाले, "फोटो-बिटोनं काही होत नाही, पंचनामा पाहिजे." आणि खरंच पाच पंच जमा करून, पारावर बसून, त्यांनी आपल्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं:

"आज रोजी आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की, मौजे मजकूर येथील मारुतीच्या पारासमोरील जागेची समक्ष पाहणी केली असता सदर जागेवर टॅक्सी मिळून आली नाही. जागेच्या चतुःसीमा: पूर्वेस मारुतीचे देऊळ, पश्चिमेस बंद हातपंप, उत्तरेस पानठेला, दक्षिणेस रस्ता, ज्यावरून टॅक्सी येणे अपेक्षित होते. रस्त्याची बारकाईने पाहणी केली असता एक बैलबंडी व मोटारसायकलींच्या खुणा दिसून आल्या, टॅक्सीच्या टायरच्या खुणा नाहीत. पंचांपैकी कोणीही घटनेच्या रात्री टॅक्सीचा आवाज ऐकलेला नाही. कुत्रे भुंकल्याचे ऐकले, परंतु ते दररोजचे आहे."

खाली सह्या, एक अंगठा. पाचवा पंच काळीपिवळीवाला. त्याची सही सगळ्यात मोठी.

मग मी १९१५ ला फोन लावला, ती ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बाई मराठीत बोलली, आणि माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी वांग्याच्या क्रेटसकट. तिथून कंपनीला तक्रार गेली, कंपनीनं पुन्हा दिलगिरी पाठवली आणि सोबत दीडशे रुपयांचं कूपन. उघडून पाहिलं तर आमच्या भागात लागू नाही.

तेव्हा ठरवलं की आता ग्राहक आयोगच. बसून २०१९ चा कायदा वाचला, आणि खरं सांगतो, आपल्यासारख्या माणसासाठी बरा लिहिला आहे. कंपनीचं ऑफिस कुठंही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, म्हणजे तिनं यवतमाळला यायचं. वकील नसला तरी चालते. दोन वर्षाची मुदत आहे, ऑनलाइनही टाकता येते. आणि मोजलेली रक्कम पाच लाखापर्यंत असली तर फी शून्य. यातली गंमत अशी की फी तुम्ही मोजलेल्या पैशावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. हे मी चुकून हिला वाचून दाखवलं.

तोवर माझी मागणी लहानच होती, कारण टॅक्सीबद्दल केंद्राच्या ज्या मार्गदर्शक सूचना आहेत त्यात ड्रायव्हरनं घेतलेली ट्रिप विनाकारण कॅन्सल केली तर दंड भाड्याच्या दहा टक्के, पण शंभर रुपयांच्या वर नाही. माझे दहा टक्के ४२० होतात, तरी शंभरच. आणि इथं तर कॅन्सलही कोणी केलं नव्हतं. म्हणून मी साधा हिशोब मांडला होता, ॲडव्हान्स, तिकीट, ट्रॅव्हल्स, पिकअपवाल्याचे ३००, आणि मानसिक त्रासाचे भीतभीत दोन हजार. हिनं कागद पाहिला.

"दोन हजार?"

"मग किती लिहू?"

"तुमच्या त्रासाचे दोन हजार ठीक आहेत," ही म्हणाली. "माझे वेगळे लिहा." आकडा सांगत नाही. त्यात अडीच एकर वावर येते.

आणि अशात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. "काका, तुमी ते पारावाले का?" ड्रायव्हर होता. यवतमाळचा पोट्टा. त्या रात्री तो आमच्याच नावाच्या दुसऱ्या गावात गेला होता, बाभुळगावाकडे, नकाशाची टाचणी तिथं पडली होती. तिथंही मारुती, तिथंही पार. पाऊण तास उभा राहिला, मोबाईलला रेंज नाही, आणि गाडीचे लाइट पाहून गावातले चारजण काठ्या घेऊन बाहेर आले, कारण आदल्या आठवड्यात तिथं बकऱ्या चोरीला गेल्या होत्या. "एक तं डिझल गेलं," म्हणे, "वरतून कंपनीनं मलेच फाइन मारला. काका, तुमी केस टाकून राहिले म्हणते, तं माह्यं बी टाका ना त्याच्यात."

आता तो काही ग्राहक नाही, त्याच्यासाठी मी पूर्ण कायदा दोनदा पालथा घातला, कलम सापडलं नाही. पण साक्षीदार म्हणून चालते, मामा म्हणाले. त्याला रविवारी दहा वाजता सहीसाठी बोलावलं. लोकेशन पाठवलं नाही, तोंडी सांगितलं, दारव्ह्यावरून ये, बंद जिनिंगपाशी डावीकडे वळ, मग कोणालाही विचार.

दहाला पाच कमी असताना पारासमोर पांढरी गाडी येऊन थांबली, हॉर्न वाजला. ही पोळ्या सोडून, पिठाच्या हातानं दारात आली. गाडीकडे पाहिलं, डिक्कीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काळीपिवळीवाला खर्रा घोटायचा थांबला. पोट्टा उतरून नमस्कार करतच होता, तेवढ्यात तलाठी मामा पंचनाम्याचा कागद वर धरून पारावरून ओरडत पळत आले.

"अबे मांगं घे, गाडी मांगं घे! टायरच्या खुना उमटून राहिल्या ना!"