बूड हलवू नका, बाकी होईल सगळं नीट

लहानपणी "जरा बूड टेकून बस की एका जागी" म्हणून जो ओरडा खाल्लाय ना, त्याचं चीज करायची वेळ आलीय, तेव्हा सकाळी खुर्चीत बसा आणि संध्याकाळपर्यंत उठू नका. पण नीट बसायचं नाही हां. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, कोपर काटकोनात, असं फक्त चित्रातला माणूस बसतो कारण त्याला कामधाम नसतं. आपण घसरत घसरत खुर्चीच्या काठाशी यायचं, एक पाय दुमडून खाली घ्यायचा, मुंग्या आल्या की दुसरा.

खुर्ची मात्र महागातली घ्या. तिला खाली तीन-चार दांडे असतात, त्यातला मागे रेलायचा तेवढा शोधा, बाकीच्यांना हात लावू नका, उंची चुकून बरोबर झाली तर काय घ्या.

लॅपटॉप थेट टेबलावर. त्याच्याखाली चार जाडजूड पुस्तकं ठेवली आणि वेगळा कीबोर्ड जोडला तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला येते, मान सरळ राहते, आणि मग "मान मोडून काम करतोय" हे कुठल्या तोंडाने सांगणार? आपलं डोकं साधारण पाच किलोचं, सरळ असलं की मानेला त्याचं काही वाटत नाही, पण पुढे झुकलं की भार वाढत जातो, २०१४ मध्ये एका सर्जनने हिशोब मांडला होता की ६० अंश झुकलं तर २७ किलोच्या आसपास पडतो. जिमची फी वाचली की राव!

डोळ्यांचंही तसंच. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटते, स्क्रीनसमोर निम्म्यावर येते, तेवढीच बचत, मग डोळे चुरचुरले की चोळायचे आणि ब्राइटनेस वाढवायचा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा म्हणतात, आता २० फुटांवर नेमका बॉस बसत असेल तर हा उपाय डोळ्यांना बरा, नोकरीला नाही.

पाणी पिऊ नका, प्यायलं की उठावं लागतं. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, आपण हललो तर त्यांना खायला मिळतं, पण करू देत की त्याही जरा उपास.

आणि हे सगळं कॉम्प्युटर आल्यापासून सुरू झालं असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. १७१३ साली रामाझ्झिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने कारकुनांच्या दुखण्यांची कारणं लिहून ठेवलीत, सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्याला ताण. तीनशेहून जास्त वर्षांची परंपरा आपणच मोडायची का?

तरी शंका असेल तर ऑफिस ठेवतं तो आरोग्याचा वेबिनार अटेंड करा. मी केला. जास्त वेळ बसण्याचे तोटे, दीड तास, मधे ब्रेक नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या चला आता सगळे उभे राहूया, तर मी उठायला गेलो आणि डावा पाय जागेवर नव्हताच, टेबल धरून तसाच परत बसलो आणि चॅटमध्ये अंगठा टाकला.