धीर देणारी गाणी मला नकोत

कुणाकडे मोठं आजारपण निघालं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं माणूस गेलं, की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच पोचतात. एक जेवणाचा डबा आणि दुसरी गाण्यांच्या लिंका. डब्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट डबा आणणाऱ्यांना मी जन्मभर विसरणार नाही. लिंकांबद्दल मात्र आहे आणि आज ती सविस्तर करणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

अण्णांच्या फुफ्फुसाच्या आजारपणात मला ज्या लिंका आल्या त्यांचे ढोबळ तीन प्रकार होते. पहिला, उमेद देणारी सिनेमातली गाणी. सूर्य उगवेल, रात्र सरेल वगैरे. दुसरा, बासरी आणि मागे पाण्याची झुळझुळ, वर लिहिलेलं की अमुक हर्ट्झचं हे संगीत शरीरातल्या पेशी दुरुस्त करतं. (करत असतं तर डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं नसतं का? ऑक्सिजनच्या मशीनपेक्षा स्वस्तात पडलं असतं.) तिसरा प्रकार अण्णा गेल्यावर सुरू झाला. गीतरामायणातलं 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा'. पाठवणाऱ्यांत माझ्या दोन्ही आत्या होत्या, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

आता गीतरामायणाला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ती मालिका, वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी, गदिमा आणि बाबूजी. आमच्या घरी ती पाठ असणं हा संस्कार नव्हता, ती सवय होती. पण 'पराधीन' हे गाणं नीट ऐका. ते रामानं भरताला घातलेलं समजावणं आहे. एकेक मुद्दा घेऊन, दाखले देऊन, पुढच्याला बोलायला जागाच उरू नये इतकं चोख. आणि त्यानंतरचं गाणं कुठलं? 'तात गेले, माय गेली'. एवढं सगळं तत्त्वज्ञान ऐकून झाल्यावर भरत म्हणत नाही की दादा, पटलं. तो पादुका मागतो. हातात धरता येईल, डोक्यावर घेता येईल असं काहीतरी मागतो. गदिमांना माणूस कळला होता, हे मला त्या एका गाण्यापेक्षा त्या दोन गाण्यांच्या क्रमात जास्त दिसतं. आपण मात्र पहिलंच गाणं पाठवून मोकळे होतो.

तर माझं म्हणणं असं, की वाईट दिवसांत गाण्याचे शब्द काय सांगतात याला फार किंमत नसते. गाण्याची बांधणी कशी आहे, याला असते. त्या दिवसांत लक्ष लागत नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. नर्स काय म्हणाली ते जिना उतरेपर्यंत विसरायला होतं. अशा डोक्याला चार मिनिटांचं गाणंसुद्धा जड जातं, कारण ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं लागतं. मुखडा, अंतरा, मग दुसरा अंतरा. मध्ये सलाइन संपलं म्हणून उठलात की हुकलं. त्या वेळी असं गाणं लागतं ज्यात कुठूनही शिरता येईल, कुठूनही उठता येईल, आणि परत आल्यावर ते तिथेच असेल.

आपल्याकडचं अभंग गाणं नेमकं असं आहे. भजनी मंडळात बसलेल्यांना हे माहीत आहे. 'जय जय रामकृष्ण हरी' झालं, की वीणेकरी किंवा पेटीवरचा बुवा एक चरण म्हणतो, मग सगळे टाळकरी ध्रुवपद उचलतात. पुन्हा चरण, पुन्हा ध्रुवपद. एखादा चरण ऐकू आला नाही, अर्थ लागला नाही, डोळे भरून आले म्हणून म्हणता आला नाही, तरी काही बिघडत नाही. ध्रुवपद येतंय, तेव्हा सामील व्हा. नामदेवांचं 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' घ्या. राम फाटकांची चाल, भीमसेनजींचा आवाज. सबंध अभंगात दर दोन शब्दांनी विठ्ठल. माता विठ्ठल, पिता विठ्ठल, बंधू विठ्ठल. त्यात सांगण्यासारखी बातमी काहीच नाही! ज्याला आज एकही नवी गोष्ट ऐकायची नाही, त्याच्यासाठी याहून सोयीचं गाणं कुणी रचलंय असं मला वाटत नाही. माझी देवावर श्रद्धा किती, हा प्रश्न कमेंटमध्ये येईलच म्हणून सांगते: फारशी नाही. तरी चालतं.

आमच्या गावाकडे कुणाकडे सुतक असलं की टीव्ही बंद, रेडिओ बंद. पण भजनी मंडळ येतं. वारकऱ्याच्या घरी तर अंत्ययात्रासुद्धा टाळ-मृदंगात निघते, आणि तुकोबांचं 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमुचा राम राम घ्यावा' म्हणतात. लहानपणी मला हा विरोधाभास वाटायचा. गाणं नको म्हणायचं आणि दोन तास गायचं. आता वाटतं की आपल्या लोकांनी करमणुकीचं गाणं आणि हे गाणं यांत बरोबर रेघ मारली होती. मंडळातले लोक येतात, चटईवर बसतात, गातात, चहा घेतात, जातात. "कसं झालं हो?" असं एकही जण विचारत नाही. विचारायला मध्ये सवडच नसते. अण्णांच्या वेळी मला सगळ्यात बरी वाटलेली भेट हीच होती, आणि त्यातल्या निम्म्या लोकांची नावं मला आजही माहीत नाहीत.

ख्यालाचंही तसंच. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून घाबरणाऱ्यांना मी सांगेन की वाईट दिवस हा ते सुरू करायला उत्तम मुहूर्त आहे, कारण तेव्हा कळून घ्यायची ताकदच नसते. अमीर खाँसाहेबांचा मारवा लावा. झुमरा, चौदा मात्रांचा ताल, आणि लय इतकी संथ की एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण-एक मिनिट सहज लागतं. त्या मिनिटात तुम्ही विल, बिल, बायोप्सी, मुलाची फी, सगळीकडे फिरून येता. आणि सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, येते. तुम्ही वाट बघत असा किंवा नसा. मारवा तसा बेचैन करणारा राग आहे. पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, टेकायचं गवई सारखं टाळतात. घरी पोचायचंय आणि कुणी पोचू देत नाही. संध्याकाळचा राग. हॉस्पिटलात संध्याकाळी भेटायला आलेली माणसं निघून जातात, दिवे लागतात, तेव्हा जे वाटतं ते त्यात जसंच्या तसं आहे. सूर्य उगवेल वगैरे त्यात नाही. बऱ्याच वेळानं एकदा षड्ज लागतो, एवढंच. मला तेवढं पुरायचं.

आणि कुमारजी. इथे मी जरा थांबणार आहे.

कुमार गंधर्वांची गोष्ट आपण एका ठरावीक साच्यात सांगतो. १९४८ साली क्षयामुळे मुंबई सोडून कोरड्या हवेसाठी देवासला गेले, पाचेक वर्षं गाणं बंद, एक फुफ्फुस कायमचं निकामी, आणि त्या दुःखातून निर्गुणी, म्हणजे निराकार देवाची, भजनं उगवली. दुःखानं माणूस मोठा होतो, असं तात्पर्य. मला हे तात्पर्य मान्य नाही, आणि श्वासासाठी झगडणारा माणूस रोज बघितल्यावर तर अजिबात नाही. दुःखानं कुमारजींना मारत आणलं होतं. वाचवलं स्ट्रेप्टोमायसिननं, जे तेव्हा नुकतंच उपलब्ध होऊ लागलं होतं. आणि वाचवलं भानुमतीबाईंनी. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या. लग्न होऊन वर्ष होतंय न होतंय तोवर त्यांनी देवासला शाळेत शिकवायची नोकरी धरली, घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. १९६१ मध्ये बाळंतपणात त्या गेल्या. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे त्या बायकांना कुमारजींच्या गोष्टीत आजारी माणूस दिसत नाही, भानुमतीबाई दिसतात. मला तरी दिसल्या.

मग त्या खाटेवरच्या वर्षांतून आलं काय? ऐकणं. गाता येत नव्हतं, तेव्हा माळव्यातल्या बायकांची गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजनं ते पडल्या पडल्या ऐकत राहिले. ही गाणी पुढे त्यांनी जशी मांडली, तशी ती आधी कुणी मैफलीत गायली नव्हती. 'उड जायेगा हंस अकेला' घ्या. शब्द तर सरळ मरणाचे आहेत. हंस एकटाच उडून जाणार. कुठल्याही लिंक पाठवणाऱ्यानं हे गाणं आजारी माणसाच्या घरी पाठवायची हिंमत केली नसती. पण त्यात तो आवाज एकदम वर फेकला जातो, तुटतो, थांबतो, आणि मध्ये नुसते तंबोरे वाजत राहतात. ते तंबोरे इतके सुरात लागलेले आहेत की ती मोकळी जागा मोकळी वाटत नाही. अण्णांना शेवटी वाक्य पुरं करायला दोन-तीनदा थांबावं लागायचं. आम्ही सगळे घाईघाईनं त्यांचं वाक्य पुरं करायला जायचो आणि ते चिडायचे. ते भजन ऐकायला लागल्यावर मी मध्ये बोलणं सोडलं. संगीताचा एवढा रोकडा उपयोग मला दुसरा झालेला नाही.

अण्णांना स्वतःला मात्र कुमारजी आवडत नसत. "अर्धं गाणं गिळतो हा माणूस," म्हणायचे. त्यांना हवं असायचं विविध भारतीवरचं छायागीत, रात्री दहाचं. मोबाइलवर तीच गाणी लावून दिली तर नको म्हणायचे. रेडिओच लाव. आधी मला तो हट्ट वाटला, मग कारण लक्षात आलं. मोबाइलवर आपण विचारतो, "अण्णा, काय लावू?" दिवसभर त्या माणसाला लोक विचारतच असतात: उशी उंच करू का, पाणी हवंय का, गोळी आत्ता की जेवल्यावर. रेडिओवर कुणीतरी अनोळखी माणूस आधीच गाणी निवडून, चार वाक्यं जुळवून तयार असतो. आपल्याला काहीच ठरवायचं नसतं. आणि दहा वाजता लागणारी गोष्ट दहालाच लागते, हे ज्याचा दिवस आणि रात्र एकच झाली आहे त्याला फार मोठं असतं. (मोबाइलच्या विरोधात आणखी एक पुरावा: पहाटे चार वाजता पसायदानाच्या मधोमध मला पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात ऐकावी लागली आहे. खळांची व्यंकटी सांडायच्या आतच.)

शेवटची गोष्ट ऐकण्याची नाही, गाण्याची आहे. आमची आजी जात्यावर बसायची तेव्हा ओव्या म्हणायची. तिच्या ओव्यांत धीर-बीर काही नव्हता. सासू कशी बोलली, भावानं दिवाळीला न्यायला मूळ धाडलं नाही, लेक लांब दिली, माहेरची वाट दिसेना. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांपैकी बऱ्याच आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या साइटवर वाचायला, ऐकायला मिळतात. त्या बघितल्या की कळतं, आजी एकटी नव्हती. हजारो बायका पहाटेच्या अंधारात हेच करत होत्या. प्रत्येक ओवी दोन ओळींची, स्वतंत्र. तीच चाल, जात्याच्या फेऱ्याबरोबर. दोन ओळींत गाऱ्हाणं संपतं, पुढचा घास जात्यात पडतो, दुसरं गाऱ्हाणं. गाताना श्वास लांब सोडावा लागतो, आणि श्वास लांब सोडला की छातीची धडधड संथ होते, हे काही गूढ नाही, शरीराचा धर्म आहे. गावात पिठाची चक्की आली, बायकांचे हात सुटले, फार चांगलं झालं. त्या कष्टाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा किलोभर ज्वारी दळून बघावी. पण चक्कीबरोबर ती रोजची पाऊण तास तोंडानं बोलून टाकायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात आपल्याला काय मिळालं तर कानातली बोंडं. ऐकणं चांगलंच आहे. पण घशातून आवाज काढण्याची बरोबरी ते करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गळा कसाही असो. माझा कावळ्याचा आहे आणि मी स्वयंपाकघरात कुकरच्या आडोशानं रोज गाते. शेजारच्या वहिनींनी अजून तक्रार केलेली नाही.

तेव्हा इथून पुढे माझ्याकडे किंवा माझ्या माहितीतल्या कुणाकडे वाईट दिवस आले, तर कृपा करून उमेदीची गाणी पाठवू नका. डबा पाठवा. आणि पाठवायचंच असेल तर तुमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाचं, काकड्याचं, कुठल्यातरी एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग पाठवा. मोबाइलवर केलेलं, खरखरणारं, मध्ये कुत्री भुंकणारं, कुणीतरी "ओ बुवा, सूर खाली घ्या" म्हणणारं. असेल तर आत्ताच पाठवलंत तरी चालेल, मी जमवते आहे. आत्याकडचं पाथर्डीचं आलेलं आहे, ते सोडून.