लसणाचं तेल, मिठाची पोटली आणि पोळलेला गुडघा

काकू, नमस्कार. तुमची तक्रार अशी : सासऱ्यांच्या गुडघ्यावर लसूण ठेचून रात्रभर बांधला, फोड आले. वर तुम्ही विचारलंय, "तेल काय हाडापर्यंत पोचतं? कशाला लोकांना नादी लावता?"

नाही पोचत. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गादी, तेलानं भरून येत नाही. बरं वाटतं ते उबेमुळे आणि चोळण्यामुळे. आखडलेले स्नायू सैल पडतात. ग्वाल्हेरच्या जानेवारीत तेवढंही थोडं नसतं. लसूण-ओव्याचा वाटा माझ्या मते फारसा नाही, वासच जास्त.

पण कच्चा लसूण बांधायचा नसतोच. ठेचल्यावर त्यात अ‍ॅलिसिन नावाचं झोंबणारं रसायन तयार होतं, ते पट्टीखाली कोंडलं की कातडी चक्क भाजते. ओल्या मोहरीच्या लेपाचंही तेच.

तेल असं करा. इथल्या दाल बाजारात मिळतं ते कच्च्या घाणीचं मोहरीचं तेल 100 मिली, त्यात लसणाच्या 7-8 पाकळ्या, अगदी मंद आच. बुडबुडे थांबले म्हणजे लसणातलं पाणी गेलं. पाकळ्या बदामी झाल्या की गॅस बंद करून मग चमचाभर ओवा घाला. आधी घातला तर तो करपतो आणि तेल कडवट, काळं होतं. निवल्यावर गाळा. पाकळ्या बाटलीत ठेवू नका, ओल राहिली तर तेल खराब होतं. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून बघा, मोहरी सगळ्यांना सोसत नाही.

शेकायला पाव किलो जाडं मीठ लोखंडी कढईत कोरडं भाजा. वाफ निघायची थांबेपर्यंत पोटली बांधू नका, ओलसर मिठाची वाफच पोळते. कापड सुती, दुहेरी, सिंथेटिक वितळतं. पोटली आधी स्वतःच्या मनगटावर टेकवा, मग गुडघ्यावर फिरवत राहा, एका जागी धरायची नाही. दहा मिनिटं पुरे. सासऱ्यांना मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील तर शेक नकोच, चटका त्यांना कळणारच नाही.

गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर शेकू नका, डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर चोळायचं अजिबात नाही. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आत्ताच्या फोडांवर तेल, हळद काही लावू नका. फोडू नका, स्वच्छ पाण्यानं धुऊन सैल, कोरडी पट्टी ठेवा. पू दिसला किंवा मधुमेह असेल तर घरी थांबू नका.